बेटावरचा बोका

बेटावर यंदा सुरय पक्ष्यांची पिल्लं वाचली होती. ती खाणारी, माणसांनीच पूर्वी तिथे नेलेली मांजरं संपत आली होती. कारण संशोधक शर्वरी केळुसकरने जनुकं बदलून सोडलेल्या बोक्यांना पिढ्यानपिढ्या फक्त बोकेच होत.

बेटावरून परतताना ती मुख्य किनाऱ्यावरच्या बंदरावर उतरली, तेव्हा शेवंतीमावशीच्या मासळीच्या टोपलीमागे मांजराची पिल्लं लोळत होती.

"तांडेलानं होडीतल्या उंदरांसाठी बेटावरनं बोका आणलेला. त्याची ही," मावशी म्हणाली.

शर्वरी खाली वाकली. एकेक पिल्लू उलटं करून पाहू लागली. सगळे बोके. तिने पुन्हा पहिल्यापासून पाहिलं.

"काय शोधतेस गो?"

"मादी."

"ती हल्ली होतच नाही. बोके मात्र हवे तेवढे," मावशी बांगडे मांडत म्हणाली. "येईल त्या होडीला एक देते. काल गुजरातवाले घेऊन गेले."