झेंडा उतरताना

संध्याकाळी सहा वाजता, देशाच्या उत्तर टोकाला असलेल्या काट्सिनाच्या छावणीत बिगूल वाजला. सक्तीच्या राष्ट्रसेवेला आलेली नवपदवीधर पोरं, झेंडा उतरेपर्यंत हलायचं नाही म्हणून जिथल्या तिथे थिजली. तळलेल्या केळ्यांच्या टपरीपुढे एबिएरे उभी होती. नेमका तेव्हाच तिच्या हातातला फोन वाजू लागला.

दूर दक्षिणेत, तिच्या गावाकडे, आईला दुपारी ऑपरेशनसाठी आत नेलं होतं. "नीट पार पडलं की मेसेज टाकते," बहीण म्हणाली होती. फोन करीन, असं ती म्हणालीच नव्हती.

"घेऊ नकोस हं," शेजारचा डॅन्लादी ओठ न हलवता पुटपुटला. "काल मी नुसतं नाक खाजवलं, तर मैदानभर बेडूकउड्या मारायला लावल्या."

फोन थांबला आणि पुन्हा वाजू लागला. पडद्यावर बहिणीचं नाव होतं. झेंडा सावकाश खाली येत होता. त्याने आणखी सावकाश यावं, असं तिला वाटलं.

बिगूल संपला. टपरीवालीचा झारा कढईत फिरू लागला, पोरं हसत-खिदळत पांगली. एबिएरे तशीच उभी.

"अगं ए पदवीधर!" हवालदार लांबून ओरडला. "झेंडा घडी होऊन पेटीत गेला. आता कुणासाठी पुतळा झालीस? घे तो फोन, कान किटले आमचे!"

ती हलली नाही. फोन तिसऱ्यांदा वाजत होता.