नर की मादी

पठारावरच्या सोनकीच्या पिवळ्या फुलांतून सुनीती वाट काढत होती, तेवढ्यात तिच्या बाहीवर एक गांधीलमाशी येऊन बसली. काळीभोर, पोटावर पिवळे पट्टे.

"हलू नकोस," श्रीरंग म्हणाला आणि घाईघाईने पाठपिशवीतलं इंजेक्शन शोधू लागला. मागे अशाच एका गांधीलमाशीचा दंश झाला, तेव्हा आपल्या बायकोचा श्वास कोंडलेला त्याने पाहिला होता. डॉक्टरांनी तिला कसंबसं वाचवलं. तेव्हापासून कीटकांची ही अभ्यासक घरी बसून नुसत्या फोटोंवरून गांधीलमाश्या ओळखत होती. आज मात्र तीच हट्टाने इथे आली होती.

तिने बाही डोळ्यांजवळ नेली. "नर आहे हा."

"हा फोटो नाहीये, सुनीती! चुकलीस तर?"

"मिशा बघ, लांब आणि सरळ. या जातीत मादीच्या आखूड, वळलेल्या असतात. आणि नराला नांगी नसते रे."

तिने उघडं बोट पुढे केलं. नर बोटावर चढला आणि पोट वाकवून त्याने टोक टोचल्यासारखं केलं. श्रीरंगने डोळे गच्च मिटले. सुनीतीच्याही छातीत धस्स झालं. मग ती खळखळून हसली. "नुसतं सोंग!"

नर उडून फुलावर बसला.

"चल आता घरी," श्रीरंग घाम पुसत म्हणाला.

"घरी? अरे, मादीही इथेच कुठेतरी असणार!" म्हणत तिने कॅमेरा सरसावला आणि ती फुलांत आणखी आत शिरली.