सहाव्या पिढीचा घेवडा

आई गेल्यापासून बाबा गोळ्यांना हात लावत नव्हते. "आता कशाला?" म्हणून मान फिरवायचे. यंदा तिच्या घेवड्यावरही तांबेरा पडला आणि एक शेंग धरली नाही.

मी प्रयोगशाळेतून आले तेव्हा ते त्या करपलेल्या वेलापाशीच बसले होते. मी म्हटलं, "बाबा, याचं गेल्या वर्षीचं बी मी ठेवलंय. रानटी घेवड्याला हा रोग होत नाही. त्याच्याशी एकदा संकर करायचा, मग पुन्हा पुन्हा आईच्याच घेवड्याशी. सहाव्या पिढीत वेल हुबेहूब तिचा, चवही तीच, फक्त आजारी न पडणारा."

"किती दिवस लागतील?"

"वर्षाला दोन पिढ्या, म्हणजे तीन वर्षं तरी."

बाबांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग माझ्यावरच खेकसले, "माझी सकाळची गोळी कुठं ठेवलीस गं?"