परगावचा सामना

लोकांच्या गावात जाऊन कसं वागावं, याची श्रीपादला शुद्धच नव्हती. आपल्या लाडक्या अमेरिकन फुटबॉल संघाचा सदरा अंगात घालून, त्या संघापाठोपाठ तो आईला, अनसूयाबाईंना, घेऊन चारशे मैल बसने आला, आणि उतरल्यापासून त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू होता.

सामन्यात यजमानांचा एक पोरगा पाय धरून कोसळला. मैदान चिडीचूप झालं, तोच श्रीपादने शिटी मारली. मघाशी थंडी बघून अनसूयाबाईंच्या मांडीवर आपली शाल घालणारी शेजारची गोरी म्हातारी वळून बघत राहिली. अनसूयाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खाली मैदानात दोन्हीकडचे खेळाडू, कुणी जखमी झालं की मान म्हणून करतात तसे, एक गुडघा टेकून थांबले होते.

"ज्यांच्या मागे एवढा धावत आलास, ती पोरंसुद्धा गुडघे टेकून बसलीत," अनसूयाबाई आपल्या मुलाला सगळ्यांदेखत म्हणाल्या. "अंगातला त्यांचा सदरा काढ, श्रीपाद. तुला तो शोभत नाही."