मागच्या वॉर्डाचा पहारा

मागच्या वॉर्डाची सिस्टर आली ती थेट हॉस्पिटलचं मुख्य मशीन सांभाळणाऱ्या सर्व्हरवालीच्या खुर्चीला खेटून उभी राहिली. वॉर्डातल्या कुणाचा रिपोर्ट आला की सिस्टरचा फोन वाजायचा. कालपासून वाजला नव्हता.

"आमचा पहारा काढलास म्हणे?"

सर्व्हरवालीने मान हलवली. सकाळपासून हेच ती ज्याला त्याला सांगत होती, तेच पुन्हा सांगायला घेतलं. मशीन प्रत्येक वॉर्डाच्या फोल्डरवर पहारा ठेवतं, नवा रिपोर्ट पडला की फोन वाजवतं. पहाऱ्यांना मर्यादा असते, ती भरली. वाढवावी तर एकेक पहारा कर्नलची, म्हणजे मशीनच्या गाभ्याची, मेमरी खातो, आणि पहारा काढेपर्यंत सोडत नाही. परवा मर्यादा वाढवून पाहिली. मशीनच आडवं झालं, अख्ख्या हॉस्पिटलचे फोन मुके. जास्तीची मेमरी मागितली तर वरून साहेबांचं उत्तर आलं, आहे त्यात भागवा. बाळांचा नवा वॉर्ड उघडायची घाई मात्र त्यांनाच. फीत कापायला कात्री मिळते, मेमरी मिळत नाही. मग नव्या वॉर्डाला पहारा द्यायचा तर जुन्यातल्या कुणाचा तरी काढणं आलं.

"मग आम्हीच का?"

"साहेब म्हणाले, तिथे वर्षानुवर्षं पडलेली माणसं. काही बदलत नाही."

"साहेब कधी आलेत गं मागच्या वॉर्डात?"

सर्व्हरवालीला भांडायचं त्राण नव्हतं. तिने स्क्रीन सिस्टरकडे वळवला. सगळे वॉर्ड ओळीने दिसत होते.

"तुम्हीच सांगा सिस्टर, कुणाचा काढू? बाळांचा? आयसीयूचा?"

सिस्टरने बोट उचललं. स्क्रीनपर्यंत नेलं. मग हात खाली घेतला.

आमच्या वॉर्डात कॉम्प्युटर नाही, ती म्हणाली, पण तुझ्याकडे येऊन फोल्डर हाताने उघडून बघता येईल ना? तासातासाला येईन. गुडघ्यांचं काय, ते तसेही गेलेत.

सर्व्हरवालीने मागच्या वॉर्डाचं फोल्डर उघडलं. आत एक रिपोर्ट पडला होता. कुणीच न उघडलेला.

"कधीचा हा?"

"काल दुपारचा."

सिस्टरने नाव वाचलं. पोटॅशियमचा आकडा वाचला, हृदय बंद पडावं इतका चढलेला. आणि पळाली. त्या जड अंगाच्या बाईला पळताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं. दार उघडंच राहिलं. लांब कॉरिडॉरभर तिची पावलं आपटत गेली.

टेबलावरचा फोन वाजला. साहेब होते, आणि खुशीत होते.

"कालपासून मशीन कसं गार आहे बघा. एक तक्रार नाही. मी म्हटलं नव्हतं तुम्हाला?"