मारियेचं पाखरू

पाखराचा डावा पंख चिकाच्या काडीला पुरता चिकटला होता. एवारिस्तनं ते काडीसकट मुठीत धरलं आणि घराकडे धाव घेतली.

फणसाचा चीक लावलेल्या काड्या त्यानं सकाळी पेरूच्या झाडावर बांधल्या होत्या, त्या बुलबुलांसाठी. लेक बाळंत झाली की तिला बुलबुलाचा रस्सा पाजायचा, म्हणून. आणि अडकलं होतं हे! निळंकाळं डोकं, तांबूस पाठ, अंगठ्याएवढं अंग. आमच्या बेटावर, सलाझीच्या डोंगरात, त्याला मारियेचं, म्हणजे देवमातेचं, पाखरू म्हणत. माणसाला ते भीत नसे. वाटेत अगदी पुढ्यात येऊन माशी टिपून जाई. ते ज्याच्या हातून मेलं त्याच्या घरातला एक जीव जातो, हे पोरासोरांनाही ठाऊक होतं.

वाळ्यानं शाकारलेल्या घरातून लेकीची, सिडोनीची, किंकाळी आली. कालपासून ती अडली होती.

ओट्यावर खोबरेलाची बाटली होती. घरात तेवढंच तेल. एवारिस्त उकिडवा बसला आणि बोटानं ते पंखावर चोळू लागला. चीक सुटत होता, पण तसूतसूनं. मुठीत इवलंसं काळीज टकटकत होतं.

त्याची बायको लोरेन्झा दारात आली.

"तेल कुठंय? सुईणमावशी कधीची मागतेय. पोर आडवं आलंय, तेल लावून फिरवायचंय ते. आण इकडे!"

"थांब जरा."

"थांबू? लेक मरतेय तिकडे, आणि हा इथं पाखराला मालिश करतोय! असला कसला रे बाप तू—"

एवारिस्तनं मूठ उघडून दाखवली.

लोरेन्झानं क्रुसाची खूण केली. बाटलीकडे गेलेला हात मागे घेतला.

"आधी त्याला सोडव," ती पुटपुटली. "लवकर. अरे, शेपटीलापण लागलाय बघ."

दोघं पाखरावर वाकली. आत सिडोनी "आई, आई गं" करत होती. कुणी उठलं नाही.

मग तेरेझीन सुईण स्वतःच बाहेर आली, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. तिनं पाखरू पाहिलं. बाटली उचलून उजेडात धरली.

"निम्मं संपवलंत?"

"मावशी, मारियेचं आहे गं ते," लोरेन्झा म्हणाली. "मेलं तर..."

"दिसतंय मला. मारियाही बाळंतीण झाली होती. ती घेईल समजून."

बाटली घेऊन ती आत गेली. लोरेन्झा तिच्यामागे धावली. दार लागलं.

पंखाचं टोक अजून काडीला धरून होतं. एवारिस्तनं ते तोंडात घेतलं आणि पीस न पीस ओठांत पकडून चीक ओढू लागला. मुठीतली टकटक मंदावत चालली होती.

एकाएकी आतला आवाज थांबला. ना सिडोनीचा, ना सुइणीचा, कुणाचाच आवाज येईना.

काडी सुटून खाली पडली. पाखरू त्याच्या तळहातावर तसंच बसून राहिलं, तेलानं निथळत. एवारिस्त दाराकडे बघत 'नमो मारिया'ची प्रार्थना म्हणायला गेला, तर चिकानं ओठ एकमेकांना चिकटले होते.