युक्तीचा तास

वसतिगृहातली आणखी एक मच्छरदाणी गेली, तेव्हा अधीक्षक गुणवंतरावांना चोर शोधत फिरायची गरज वाटली नाही. चोर मयुरीबाईंच्या तासाला तयार होत होते.

विज्ञान शिकवायचं सोडून या बाई नववीच्या पोरांना विचारत, हातातली वस्तू आणखी कशाच्या कामी येईल? फळ्यावर प्रश्न तरी कसले लिहीत. गेल्या आठवड्यातला होता: मोहाची फुलं वेचणारा माणूस वाघाला माणूस का वाटत नाही?

"वाकला का चार पायाचा दिसते," बुधरी म्हणाली होती. तिच्या मायला गेल्या हंगामात मोहाखालीच वाघानं मारलं होतं. दारात उभ्या गुणवंतरावांना मात्र पोरांना फितवायचा हा नवा प्रकार वाटला.

"बुधरीच्या पेटीत मच्छरदाणीची दोरी सापडली," ते बाईंना म्हणाले. "नाव काटतो तिचं. बसंल घरी मोह वेचत. अन् तुमचा तो तासही बंद."

"मोहाचे दिवस सरू द्या न सर. मग काय करायचं ते करा."

"काऊन?"

बाई वळून फळा पुसू लागल्या. चोराच्या मनात चांदणं, गुणवंतराव मनात म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फटफटताच बुधरी कुंपणातून बाहेर पडली. गुणवंतराव अंतर राखून मागे निघाले. जंगलात शिरल्यावर त्यांच्याही मागे पाचोळा वाजू लागला. ते थांबले की आवाज थांबे, चालले की पुन्हा सुरू. बाईच, दुसरं कोण? पोरीला सावध करायला आल्या असणार. त्यांनी मुद्दाम वळून पाहिलं नाही. दोघींना एकदमच पकडायचं होतं आणि त्याचा त्यांना आनंदही होत होता.

पुढे मोहाच्या झाडांखाली वसतिगृहातल्या मच्छरदाण्या कमरेच्या उंचीवर ताणून बांधलेल्या होत्या. वरून फुलं त्यांत टपटपत होती. बुधरी उभ्यानंच ती टोपलीत भरत होती.

"सापडला माल," गुणवंतराव म्हणाले. एका मच्छरदाणीची दोरी खाली खुंटीला बांधली होती. ती सोडायला ते वाकले.

"सर, वाकू नोका."

"आता तू मले शिकवशीन?"

गाठ घट्ट होती. ते तसेच वाकून ती सोडवत राहिले. मागे पाचोळा पुन्हा वाजला, या वेळी अगदी जवळ.

"या बाई, तुमीबी या," ते मान न वळवता म्हणाले. "रस्ताभर मागं मागं येऊन राह्यल्या, मले का समजत नाई?"

समोरच्या मोहाआडून मयुरीबाई टोपली घेऊन पुढे आल्या. त्या गुणवंतरावांकडे बघत नव्हत्या. त्यांची नजर गुणवंतरावांच्या पाठीमागे होती.

"मी तर कवाची इथीच आहो, सर," त्या अगदी हळू म्हणाल्या. "उभे राहा."